मिसळून लावलेल्या वेली

मी दारू कधी चाखलेली नाही. आमच्या मिरजेच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला द्राक्षाचा रस देतात, तोही घोटभर. तरीसुद्धा एका पांढऱ्या वाइनबद्दल मला बरंच ठाऊक आहे. तिचा रंग कसा, वास कसा, ती कुठल्या मातीत होते, कुठली द्राक्षं एकत्र करून होते, हे सगळं मला एका माणसाने महिनाभर सांगितलं. जिथे सांगितलं त्या देशात तिचा थेंब बाळगणंही गुन्हा होता.

मी तेव्हा सौदीत, अल-खोबरच्या एका खाजगी हॉस्पिटलात नर्स होते. वय तेहतीस. नवरा मिरजेला शाळेत शिक्षक, मुलगी सहा वर्षांची, सासूबाईंकडे. त्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं आणि अल-खोबरच्या रस्त्यांवर अमेरिकन सैनिकांच्या गाड्या दिसायला लागल्या. नवऱ्याची पत्रं येत होती, की सोड आणि निघून ये. पण पासपोर्ट हॉस्पिटलच्या ऑफिसातल्या कपाटात, रजा बंद, आणि एक्झिट व्हिसा हॉस्पिटलने दिल्याशिवाय मिळायचा नाही. काही मुली भांडून, रडून, कफीलच्या, म्हणजे नोकरीवर आणणाऱ्या मालकाच्या, पाया पडून गेल्या. मी राहिले. धीट होते म्हणून राहिले असं नाही. भांडता आलं नाही म्हणून राहिले.

नोव्हेंबरात ते माझ्या वॉर्डात आले. जुबैलच्या एका कारखान्यात पाइपांचं वेल्डिंग तपासायचं काम करणारे इटालियन गृहस्थ. साठीचे, उंच, हातांवर जुन्या भाजल्याचे डाग, आणि डोळे हळदीसारखे पिवळे. कामामुळे सगळ्या नर्सेस त्यांना 'इन्स्पेक्टर' म्हणायच्या, ते त्यांनाही आवडायचं. कावीळ म्हणून आले आणि तपासण्यांत स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी पित्ताचा रस्ता मोकळा करायचं ऑपरेशन केलं, पण मूळ दुखणं काढण्यापलीकडे गेलं होतं. घरी जा, एवढंच सांगण्यासारखं उरलं होतं. मात्र टाके पिकले, ताप येत राहिला, आणि विमानात बसण्याइतके बरे होईपर्यंत जानेवारी उजाडला. तिकीट तिसऱ्या आठवड्यातलं मिळालं. त्याच्या काही दिवस आधी युद्ध सुरू झालं आणि नागरी विमानं बंद झाली.

ही बातमी त्यांना मीच सांगितली. त्यांनी बॅग आधीच भरून ठेवली होती, दोन शर्ट, दाढीचं सामान आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक फोटो. त्यांनी मला बॅग उघडायला लावून दाढीचं सामान परत बाहेर काढायला सांगितलं.

खिडक्यांना आम्ही प्लास्टिक आणि चिकटपट्ट्या लावल्या होत्या. विषारी वायूची भीती होती, म्हणून सगळ्यांना मुखवटे दिले होते. पहिला भोंगा वाजला तो संध्याकाळी, जेवणाच्या गाड्या फिरत असताना. मी धावत त्यांच्या खोलीत गेले आणि त्यांच्या तोंडावर मुखवटा चढवायला लागले. त्यांनी माझा हात बाजूला केला.

"आधी तुझा," ते म्हणाले.

"नियम पेशंटला आधी असा आहे."

"तुझ्या घरी कोण आहे?"

मी म्हटलं, मुलगी आहे. ते म्हणाले, मग तुझा आधी, माझ्या घरी कोणी नाही. लांब कुठेतरी धाड असा आवाज झाला, काच थरथरली, आणि आम्ही दोघं मुखवटे घालून एकमेकांकडे बघत बसलो. मुखवट्याच्या काचेतून त्यांचे पिवळे डोळे आणखी पिवळे दिसत होते. अर्ध्या तासाने सगळं ठीक असल्याचा भोंगा झाला. मुखवटा काढल्यावर त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं ते खोटं बोलल्याबद्दलचं. "घरी भाऊ आहे. कोणी नाही म्हटलं ते बरोबर नव्हतं."

त्यांचं इंग्रजी मोडकं होतं, माझंही काही फार चांगलं नव्हतं. त्यामुळे बोलणं हळू चालायचं, आणि दोघांनाही ते बरं पडायचं. दुपारचं ड्रेसिंग मी मुद्दाम स्वतःकडे घेतलं होतं. त्या अर्ध्या-पाऊण तासात त्यांची गोष्ट तुकड्यातुकड्याने माझ्यापर्यंत आली.

त्यांचं गाव नेपल्सजवळ, व्हेसुव्हियस नावाच्या ज्वालामुखीच्या उतारावर. तिथली माती काळी, भुसभुशीत, हातात घेतली तर हलकी लागणारी. लहानपणी, महायुद्ध चालू असतानाच, तो डोंगर फुटला होता. त्यांनी तो पाहिला होता. घरांची छपरं राखेच्या ओझ्याने खचली, आणि वडील सकाळी शेतात जाऊन प्रत्येक वेलीवरची राख हाताने झटकत होते, स्वयंपाकघरातल्या केरसुणीने. मी म्हटलं, आमच्याकडेही माती काळी आहे. त्यावर ते उशीवर थोडे वर सरकले आणि म्हणाले, असणारच, तुमचं सगळं पठार लाव्ह्याचंच आहे, आमच्यापेक्षा कितीतरी जुना लाव्हा. मला हे शाळेत शिकवलं असेल, पण लक्षात नव्हतं. एका इटालियन माणसाकडून, अरबी समुद्रापलीकडे, मला मिरजेच्या मातीची हकिगत कळली.

माझे वडील तासगावकडच्या द्राक्षबागांत छाटणीला जायचे. मजुरीनेच, पण त्यांचा हात इतका चांगला होता, की बागायतदार त्यांना निरोप पाठवून बोलवायचे. हे मी सांगितल्यावर इन्स्पेक्टरांना माझ्याबद्दल एकदम आदर वाटायला लागला. कुठल्या डोळ्यावर काप घेतात, मंडप किती उंच असतो, खत कुठलं, सगळं विचारून घेतलं. आमच्याकडे अख्ख्या बागेत एकाच जातीची द्राक्षं असतात आणि ती खायला विकतात, हे ऐकून मात्र त्यांना हसू आलं. ऑपरेशननंतर ते हसताना मी तेव्हाच पाहिलं.

त्यांच्या वडिलांनी तीन जाती एकत्र लावल्या होत्या. एकाच ओळीत, एकाशेजारी एक. एकीचं नाव फालांगिना, एक ग्रेको, आणि तिसरीचं नाव कोडा दी वोल्पे, म्हणजे कोल्ह्याचं शेपूट, कारण तिचा घड टोकाला तसा वळतो. एक जात आंबटपणा देते, एक वास देते, आणि कोल्ह्याचं शेपूट अंग भरतं, असं ते सांगायचे. तिन्ही मिळून जी पांढरी वाइन व्हायची तिला तिकडे 'लाक्रिमा क्रिस्ती' म्हणतात, ख्रिस्ताचे अश्रू. स्वर्गाचा एक तुकडा खाली पडला, तो बघून येशू रडला, आणि अश्रू पडले तिथे वेली उगवल्या, अशी तिकडची आख्यायिका. त्यांनी हे सांगितलं तेव्हा मी नकळत दाराकडे पाहिलं. त्या देशात आम्ही येशूचं नाव मोठ्याने घेत नसू. मी ख्रिस्ती आहे हे त्यांना तोवर माहीत नव्हतं. मी हळूच सांगितलं. त्यांनी मान हलवली, आणि पुढे त्या विषयावर आम्ही बोललो नाही.

वाइनचा रंग वाळलेल्या गवताचा. वास कसा, म्हणून मी विचारलं, तर त्यांना इंग्रजी शब्द सापडेना. शेवटी त्यांनी काडी पेटवून विझवल्याची खूण केली. तो वास, पण अगदी मागे. पुढे लिंबाच्या सालीचा. आणि शेवटी जिभेवर थोडं मीठ. एकदा जुबैलहून भेटायला आलेल्या एका सहकाऱ्याने द्राक्षरसाची बाटली आणली. त्यांनी अर्धा चमचा घेतला, तोंडात धरला आणि रुमालात परत टाकला. "एकटं आहे," म्हणाले. गोड आहे किंवा वाईट आहे असं नाही, एकटं आहे.

वडील गेल्यावर दोन भावांत वाटण्या झाल्या. हा भाग त्यांनी मला समजावून सांगायला घेतला, पण मला समजावण्याची गरजच नव्हती. वाटणी कशी होते ते मी आमच्याकडे पाहिलेलं होतं. एका बांधावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात. त्यांच्याकडे कोर्ट झालं नाही, एवढंच. नव्या ओळी वडिलांनी पुढे वेगवेगळ्या लावल्या होत्या, आणि वरच्या तुकड्यात सगळं कोल्ह्याचं शेपूट होतं, खालच्यात बाकी दोन्ही. जुनी मिसळलेली ओळ रस्त्यासाठी गेली. थोरल्याने खालचा तुकडा घेतला, धाकट्याला, म्हणजे इन्स्पेक्टरांना, वरचा आला. त्या वर्षी दोघांनी आपापली द्राक्षं वेगळी गाळली. थोरल्याची वाइन आंबट आणि पातळ झाली, यांची जड आणि बिनवासाची. दोघांनाही एकमेकांकडे चार टोपल्या मागायच्या होत्या. दोघांनीही मागितल्या नाहीत.

"तीस पावलं होती मध्ये," ते म्हणाले. "मी मोजली आहेत."

दुसऱ्या वर्षी ते लिबियाला गेले, तिथून सौदीला. लग्न केलं नाही. आई वारली तेव्हा गेले होते, दोघे भाऊ शवपेटीच्या दोन बाजूंना उभे राहिले, आणि संध्याकाळच्या गाडीने हे परत निघाले. वरच्या तुकड्याच्या फाटकाची किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला लावून आले होते. त्याला सोळा वर्षं झाली होती.

जानेवारी संपता संपता त्यांच्या पोटात पाणी ठरेनासं झालं. दुखण्याची इंजेक्शनं वाढली. एके दुपारी त्यांनी मला कागद घ्यायला सांगितला. भावाला निरोप द्यायचा होता. मी लिहिलं. 'वरची जमीन तुझी. माझी द्राक्षं तुझ्यात मिसळ. पूर्वीसारखी वाइन कर.' माफी वगैरे काही नव्हतं. मी विचारलं, आणखी काही? ते म्हणाले, नको, त्याला फार वाचायला आवडत नाही.

पण पत्र जाणार कसं? टपाल कुठे अडकत होतं कोण जाणे, माझीच चार पत्रं मिरजेला पोचली नव्हती. त्यांच्या कंपनीने दूतावासाला कळवलं होतं, तिकडून काही आलं नव्हतं. हॉस्पिटलच्या फोनवरून परदेशी फोन फक्त कर्मचाऱ्यांना, स्वतःच्या नातेवाइकांसाठी, तोही अर्ज करून. तेव्हा मी चाचांना विचारलं.

चाचा म्हणजे आमच्या हॉस्पिटलच्या बसचे ड्रायव्हर, दापोलीकडचे, पन्नाशीचे. दर गुरुवारी दुपारी ते नर्सेसना बाजारात घेऊन जायचे. बाजाराच्या टोकाला टेलिफोनच्या केबिन होत्या, आणि त्यांच्यापुढे सगळ्या मुलखांतल्या माणसांची रांग. बाईमाणसाने त्या रांगेत उभं राहणं शक्यच नव्हतं. चाचा म्हणाले, "सिस्टर, तुमी बसमदी बसा. मी लायनीत ऱ्हातो. नंबर आला की हात करीन." पहिल्या गुरुवारी नंबर यायच्या आत भोंगा झाला आणि रांग पांगली. मधल्या आठवड्यात ते आपल्या सुट्टीच्या दिवशी एकटे जाऊन उभे राहिले, लाइन लागते का बघायला. लागली नाही. तिसऱ्या खेपेला, पुढच्या गुरुवारी, त्यांनी हात केला.

इन्स्पेक्टरांनी दिलेला नंबर फिरवला. बाईचा आवाज आला, भराभर इटालियन. मी इंग्रजीत बोलले, तशी थोडा वेळ गडबड झाली आणि मग एक तरुण मुलगी फोनवर आली. ती त्यांची पुतणी. शाळेत शिकलेलं इंग्रजी बोलत होती. मी कोण, कुठून बोलते आहे, आणि काका किती आजारी आहेत ते सांगितलं. मग निरोप वाचून दाखवला.

ती मग म्हणाली, "वेली नाहीत. वरच्या वेली बाबांनी तीन वर्षांपूर्वी काढल्या. तिथे जर्दाळूची झाडं आहेत."

बाहेर रांगेतला एकजण काचेवर बोटं वाजवत होता, चाचा त्याला थोपवत होते. ती पुढे म्हणाली, की बाबांनी काकांना आधी दोन पत्रं लिहिली होती, बाग बघायला ये किंवा मला सांग, म्हणून. उत्तर आलं नाही. मग त्यांनी वेली तोडल्या, आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

फोनमध्ये मागे एका पुरुषाचा आवाज आला. ती त्याच्याशी बोलली, निरोप बहुधा तिने इटालियनमध्ये सांगितला असावा. मग त्या आवाजाने थोडकं काहीतरी विचारलं.

मुलगी म्हणाली, "बाबा विचारतात, त्याला दुखतंय का?"

मी म्हटलं, "नाही. आम्ही औषध देतो. दुखत नाही."

खरं तर त्या सकाळीच त्यांनी चादर दातांत धरली होती.

ती आणखी काही बोलत होती तेवढ्यात फोन बंद झाला. मी परत लावला, लागला नाही. चाचांनी माझा चेहरा पाहिला आणि बसचं दार उघडलं. बसमध्ये बाकीच्या मुली खरेदीच्या पिशव्या दाखवत होत्या. मी खिडकीला डोकं टेकून विचार करत होते, की आता जाऊन काय सांगायचं.

शुक्रवारी ड्यूटीवर गेले तेव्हा ते जागे होते, वाट बघत. मी फोन लागल्याचं सांगितलं. त्यांनी हात पुढे केला, मी तो धरला. हाडंच उरली होती.

"तो स्वतः बोलला?"

मी म्हटलं, हो, त्यांनी विचारलं, तुम्हाला दुखतंय का?

त्यांनी हे वाक्य स्वतःच्या भाषेत हळूच म्हणून पाहिलं. दोनदा. डोळ्यांच्या कडांतून पाणी निघून कानाकडे गेलं, ते मी पुसलं. मग त्यांनी विचारलं, "आणि वेली?"

मी सगळा रस्ता ठरवत आले होते की खरं सांगायचं. मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलायचं नाही, असं आम्हाला मिशन हॉस्पिटलात शिकवलेलं. पण ते डोळे बघून मी म्हटलं, "आहेत. तुमचा भाऊ म्हणाला, तुमची द्राक्षं मिसळणार. पूर्वीसारखी करणार."

"तोडणी कधी करणार म्हणाला?"

मी क्षणभरही थांबले नाही. लहानपणापासून मला द्राक्षाचा एकच हंगाम माहीत होता. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चात घड तयार होतात, वडिलांच्या मागे मागे मी टोपली धरून फिरलेली आहे. "पुढच्याच महिन्यात," मी म्हटलं. "मार्चमध्ये तोडणी आहे, म्हणाले."

ते माझ्याकडे बघत राहिले. बराच वेळ. मला वाटलं, औषधाची गुंगी असेल. मग त्यांनी माझ्या हातावर दुसरा हात ठेवला आणि दोनदा हलकेच थोपटलं, आपण लहान मुलाला थोपटतो तसं.

"मार्च," ते म्हणाले. "चांगलं आहे. मार्च चांगला."

त्यानंतर त्यांनी बागेबद्दल काही विचारलं नाही. मला वाटलं, समाधान झालं. खोटं बोलल्याची टोचणी होती, पण फळाला आलं, असंही वाटत होतं. पुढच्या मंगळवारी सकाळी, मी त्यांचं अंग पुसायला पाणी घेऊन आले तेव्हा श्वास थांबत थांबत चालला होता. मी पाणी खाली ठेवलं, दार लावलं आणि पलंगाशेजारी बसले. अर्ध्या तासात संपलं. बोलावण्यासारखं कोणी नव्हतं. मी त्यांच्या कानाजवळ तोंड नेऊन प्रभूची प्रार्थना मराठीत म्हटली, ओठांतल्या ओठांत, कारण पलीकडच्या खोलीत लोक होते. मग डॉक्टरांना बोलावलं.

विमानं बंद होती, म्हणून ते शवागारात राहिले. युद्ध त्या महिन्याच्या शेवटी संपलं, पण कुवेतच्या तेलविहिरी जळत होत्या आणि वारा फिरला की धूर आमच्याकडे यायचा. पेटी विमानतळावर न्यायचा दिवस मार्चमधला होता. मला जायची परवानगी नव्हती, मी अँब्युलन्सपर्यंत गेले. दुपारचा एक वाजला होता आणि रस्त्यावर गाड्या दिवे लावून चालल्या होत्या, इतकं काळं आभाळ. दारातून गाडीत न्यायच्या तेवढ्या वेळात पेटीच्या झाकणावर काजळीचे कण बसले. चाचांनी खांद्यावरचं फडकं काढून झाकण पुसलं. पुसलं की परत बसत होते. तिसऱ्यांदा पुसून त्यांनी दार लावून घेतलं.

तो दिवस सरला, उन्हाळा आला. कामाला माणसं परत आली, खिडक्यांचं प्लास्टिक काढलं, चिकटपट्टीचे डाग मात्र काचांवर राहिले. मला पंधरा दिवसांची रजा मिळाली ती मी घेतली नाही, कारण पुढच्या वर्षी कायमचंच जायचं ठरवलं होतं.

ऑक्टोबरमध्ये हॉस्पिटलच्या पत्त्यावर माझ्या नावाचं पत्र आलं. पुतणीचं. काकांना आजीशेजारी पुरलं, असं तिने लिहिलं होतं. बाबा पेटीमागून चालत गेले, कोणाचा हात न धरता. जूनमध्ये वरच्या बागेत जर्दाळू पिकले, ते तोडायला बाबा गेले नाहीत, दुसऱ्या कोणाला जाऊ दिलं नाही, सगळे खाली पडून सडले. पुढे तिने लिहिलं होतं, 'आज आमच्या खालच्या बागेत द्राक्षांची तोडणी सुरू झाली. दर वर्षी याच दिवसांत असते, म्हणून मला तुमची आठवण आली. बाबा रोज एक प्रश्न विचारतात, तो मी तुम्हाला विचारते. काकांनी शेवटी वेलींबद्दल काही विचारलं होतं का?'

मी ते वाक्य पुन्हा वाचलं, पत्रावरची तारीख पाहिली. तोडणी ऑक्टोबरमध्ये. मार्चमध्ये त्या डोंगरावर थंडी असते, वेलींवर पानसुद्धा नसतं. आमची मंडपांची उंची बोलून झाली होती, खतं बोलून झाली होती, पण महिना कधी बोलण्यात आला नव्हता, कारण दोघांनाही वाटत होतं की द्राक्षाचा महिना तो काय सांगायचा. मी 'मार्च' म्हटलं त्या क्षणी त्यांना कळलं होतं, की मी भावाचे शब्द सांगत नाहीये. आणि मार्च खोटा, तर वेलीही खोट्या, हे कळायला त्यांच्यासारख्या माणसाला कितीसा वेळ लागणार? सगळं आयुष्य ज्याने जोडांतल्या भेगा शोधण्यात घालवलं होतं, त्याला. ते चार दिवस त्यांनी हे जवळ ठेवलं. एकदाही मला उघडं पाडलं नाही. आणि मी रोज सकाळी हसून त्यांना विचारत होते, आज कसं वाटतंय?

गुरुवारी बसमध्ये शेवटच्या सीटवरून उठून मी चाचांच्या मागे जाऊन बसले आणि त्यांना हे सांगितलं. ते गाडी चालवत ऐकत राहिले. बाजार आला, मुली उतरल्या. मग ते म्हणाले, "म्हन्जे आपन त्याला संबाळत होतो, आन् तो तुमाला संबाळून गेला." थोड्या वेळाने म्हणाले, "आता तिला खरं लिवा."

ते पत्र मी तीनदा फाडलं. सांगितलं तर त्या म्हाताऱ्या भावाच्या जिवाला आणखी एक घाव, न सांगितलं तर माझं तिसरं खोटं. शेवटी लिहिलं. त्यांना दुखत होतं, पुष्कळ दुखत होतं. वेलींबद्दल त्यांनी विचारलं होतं. मी आहेत म्हणून सांगितलं, आणि महिना चुकीचा सांगितला, त्यावरून त्यांना खरं कळलं असणार. ते रागावले नाहीत. भावाने विचारलेलं वाक्य त्यांनी स्वतःच्या भाषेत दोनदा म्हटलं, हेही लिहिलं. चाचांनी पत्र टाकलं.

नाताळाच्या सुमाराला उत्तर आलं. एका साध्या कार्डावर चार ओळी. 'तुमचं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग कोट घालून ते बाहेर गेले. वरच्या बागेकडे जाताना मी त्यांना खिडकीतून पाहिलं.'

तिथे जाऊन त्यांनी काय केलं, ते तिने लिहिलं नाही. मी विचारलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात माझा करार संपला आणि मी मिरजेला परत आले. मुलगी आठ वर्षांची झाली होती. स्टेशनवर ती तिच्या वडिलांच्या मागे उभी राहून माझ्याकडे बघत होती, आणि मी हात पुढे केला तेव्हा तिने आधी त्यांना विचारलं, जाऊ का?